म्हशीला न पटलेली गाडी

आमच्या गावात विजेची पहिली स्कूटर आली ती माझ्यासाठी आली, आणि गावाचा खरा राग त्याचाच होता. पण तसं तोंडावर कोण म्हणणार? म्हणून सगळे बॅटरीला नावं ठेवत होते.

पाटोद्यापासून जवळच आमचं गाव. धंदा दुधाचा. लग्न होऊन आले तेव्हापासून दूध काढायचं मी, म्हशी धुवायच्या मी, शेणघाण मी. मग भरलेल्या किटल्या उंबऱ्यापर्यंत आणून द्यायच्या, की माझी हद्द संपली. तिथून पुढं आमचे हे किटल्या फटफटीला अडकवायचे आणि पाटोद्याला रतीब घालायला जायचे. आमचं दूध कोणकोणत्या घरी जातं, कोण चहाला घेतं, कोण नातवाला पाजतं, मला काही ठाऊक नाही. एवढी वर्षं ज्या घरांना दूध दिलं त्यातलं एक दारसुद्धा मी पाहिलं नव्हतं.

मग ह्यांच्या मणक्यानं दगा दिला. डॉक्टर म्हणाले, किक मारायची नाही, वजन उचलायचं नाही. ती फटफटी तर अशी, की सकाळी दहा लाथा खाल्ल्याशिवाय डोळे उघडायची नाही. धाकटे दीर म्हणाले, मी नेतो दूध. तेवढ्यात पुण्याकडून पोराचा फोन आला. तो तिकडं गाड्यांच्या कारखान्यात कामाला आहे.

"आई, तूच कावून नेत न्हाईस?" तो म्हणाला. "विजेची स्कूटर घे. किक न्हाई, गिअर न्हाई. आमच्या कारखान्यात बी आता तीच बनायला लागणार हाय."

मी "हो" म्हणून मोकळी झाले. विचार नंतर केला. जुनी फटफटी बीडच्या शोरूमवाल्याला देऊन बदल्यात स्कूटर आणली. शाळेच्या पटांगणात दोन दिवस घिरट्या घातल्या, एकदा बाभळीत शिरले, साडी फाटली, आणि गाडी आली की हो मला!

आता गावाचं ऐका. चहाच्या टपरीवर एकच विषय. एक म्हणे, पावसात शॉक बसतो. दुसरा म्हणे, मोबाईलची बॅटरी दोन वर्षांत फुगती, मग ही कावून न्हाई फुगणार? तिसऱ्यानं तर त्याच्या साडूच्या गावात अशी गाडी उभ्या उभ्या पेटल्याचं सांगितलं. मी विचारलं, कोणतं गाव? तर म्हणाला, साडूशी सध्या बोलणं न्हाई.

आणि ह्या सगळ्या पंडितांचे मुकादम होते माझे सासरे. मी त्यांना मामा म्हणते. ऐंशी ओलांडलेले, दातांचा कारभार आटोपलेला, गुडघे कुरकुरणारे, पण जीभ अगदी ताजी. टपरीवर ऐकलेलं सगळं घरी आणून त्यात स्वतःची भर घालायचे. टीव्हीवर कुठंतरी त्यांनी ऐकलं की मोठ्या मोठ्या कंपन्यांचंच विजेच्या गाड्यांबद्दल अजून पक्कं होत नाही. झालं! पोराचा फोन आला की हिसकावूनच घ्यायचे.

"काय रे, तुझ्या कंपनीचा साहेब कामावर कशातून येतो?"

"मोठी गाडी हाय, आजोबा."

"विजेची का पेट्रोलची?"

"आजोबा, आईला फोन द्या की."

"बघ," मामा फोन माझ्या हातात कोंबत म्हणाले, "करणारा खात न्हाई ते आपल्या ताटात वाढलंय. आज विजेच्या काढत्यात, उद्या म्हणतील चुकलं, माघारी द्या. अन् गाडी म्हणायची तर तिला आवाज पायजे का नको? मुकी गाडी कसली?"

मला असा संताप यायचा! पण सासरा पडला. भांडी आपटायची तेवढी आपटून घ्यायची.

खरं सांगायचं तर त्या गाडीत मला एकही खोट दिसत नव्हती. अहो, पहाटेची थंड हवा, दोन्हीकडं तुरीची शेतं, किटल्यांचा खुळखुळाट आणि मी एकटी! कुणाच्या पाठीमागं नाही, एका बाजूला पाय सोडून नाही, समोर हँडल धरून. एकदा मेंढरांच्या कळपात शिरले तर एकही मेंढरू हलेना. मेंढपाळ लांबून ओरडला, "ताई, हॉर्न वाजवा की! गाडी आलीय हे तुमाला ठावं, त्यांना कुठं ठावं?" मग मला हॉर्न वाजवायची सवयच लागली.

पाटोद्यात ह्यांची फटफटी दुरुस्त करणारे चाचा होते. त्यांनी माझ्या स्कूटरभोवती दोन चकरा मारल्या, वाकून खाली पाहिलं, हातातला पाना फडक्याला पुसला.

"वहिनी, तेल बदलायचं न्हाई?"

"न्हाई."

"प्लग साफ करायचा न्हाई?"

"न्हाई, चाचा."

"मग गाडी बिघडल्यावर तुमी माझ्याकडं येणार कशाला?" आणि स्वतःच हसले. "चहा प्यायला या, दुसरं काय."

रतिबाच्या घरांमधली एक बाई रोज किटलीत डोकावून विचारायची, "पाणी तर घातलं न्हाई ना?" मी म्हटलं, "अवो बाई, आमच्या गावात माणसाला प्यायला पाणी न्हाई, दुधात कुठून घालू?" तीही हसली, तिची सासूही हसली. दुसऱ्या दिवशी मला आत बोलावून पोहे दिले. घरी आल्यावर मी हे सगळं सांगत बसायची. कुणाच्या घरी काय, कोणाची सून बाळंतीण, केळीवाल्यानं कुणाशी हुज्जत घातली. आमचे हे ऐकत. मामा भिंतीकडं तोंड करून बाजेवर पडलेले असत, झोपल्यागत.

असं सगळं दृष्ट लागण्यासारखं चाललेलं, आणि आमच्या म्हशीनं दूध कमी केलं.

घरात म्हशी दोन. एक गाभण, तिचं दूध आटलेलं. सगळा रतीब दुसरीच्या जिवावर. ही गेवराईकडून आणलेली, गोदाकाठची. अंगानं भरलेली आणि स्वभावानं पाटलीण. हिचं रेडकू जन्मल्यावर थोड्याच दिवसांत गेलं. रेडकू नसलेली म्हैस पान्हा सोडत नाही. कासेत दूध असतं, पण ती वर ओढून धरते. तुम्ही कितीही सड ओढा, हाताला नुसता फेस. तेव्हा माझ्या नाकी नऊ आले होते. मग कसं कुणास ठाऊक, ती आपोआप पान्हा सोडायला लागली, आणि त्याला कारण आमची फटफटी. सकाळी हे किक मारून ती अंगणात गुरगुरत ठेवायचे, गरम व्हायला. संध्याकाळी तिच्यावरूनच पेंडीचं पोतं यायचं. फटफट आवाज आला की पाटलिणीला कळायचं, आता भिजवलेल्या पेंडीचं आंबोण मिळणार. कान मागं, डोळे अर्धे मिटलेले, आणि कास टम्म.

आता फटफटी गेली. माझी स्कूटर चोरासारखी येणार नि चोरासारखी जाणार. पेंड तीच, आंबोण तेच, हात माझेच. पण म्हैस आपली वाट बघत उभी. कशाची? आवाजाची!

आणि हे ओळखलं कुणी? मामांनी. दोन-तीन दिवस माझा ऊन, माशा, पेंड, सगळ्यांना दोष देऊन झाला. मामा बाजेवरून उठले, काठी आपटली आणि म्हणाले, "आवाज! तिला आवाज पायजे!"

तसे टपरीवर गेले. अर्ध्या तासात गावभर झालं. "बॅटरीची गाडी आन् पेट्रोलची मैस!" माणसं मला बघून हसू लागली. शॉक बसला नव्हता, गाडी पेटली नव्हती, बॅटरी फुगली नव्हती. ह्या शहाण्यांनी सांगितलेलं एकही खरं ठरलं नव्हतं. पण जिंकले तेच, आणि तेही म्हशीच्या मतावर!

मग उपाय सुरू झाले. चाचांकडं आमच्यासारखीच एक जुनी फटफटी दुरुस्तीला आलेली. तिचा आवाज मी मोबाईलमध्ये भरून आणला. गोठ्यात मोठ्यानं लावला. शेजारचं कुत्रं भुंकत आलं, आमचे हे सवयीनं किटल्या उचलायला निघाले आणि मणका धरून बसले. म्हैस? तिनं मोबाईलकडं पाहिलं आणि फुर्र केलं. दिरांनी स्वतःची नवी फटफटी आणून दारात रेस केली. तिला तो आवाज इतका परका वाटला की तिनं बादलीलाच लाथ घातली. टपरीवरचा एक जण म्हणाला, इंजेक्शन टोचा, पान्हा आपोआप सुटतो. त्याला मी असं झाडलं, असं झाडलं, की पुन्हा आमच्या दारावरून गेला नाही. म्हैस आहे ती, नळ नाही!

रतिबाला दूध पुरेना. दोन घरांना मी नाही म्हणाले, तेव्हा त्या पोहे देणाऱ्या बाईचं तोंड बघवेना. शेवटी ह्यांनी बीडला फोन लावला. शोरूमवाला म्हणाला, तुमची जुनी गाडी अजून मागंच उभी हाय, आठवडी बाजारापर्यंत या, बदलून देतो.

रात्री जेवताना हे म्हणाले, "आपण काय करायचं, तूच सांग. फटफटी आली तर धाकटा दूध नेईल."

म्हणजे मी पुन्हा उंबऱ्यापर्यंत. मी भाकरी तव्यावर जळू दिली. मला रडू येत होतं आणि रडायचंही नव्हतं. म्हशीवर चिडू तर ती काय जाणून करत होती का? मामांवर मात्र चिडले. मनात म्हटलं, मिळालं समाधान? बाजेवरून मामा म्हणाले, "जुनी गाडी आना माघारी. मी पहिल्यापासून सांगतोय."

बाजाराच्या आदल्या दिवशी दुपारनंतर मी पेंड आणायला गेले. म्हटलं, शेवटची चक्कर तर शेवटची. चाचांकडं चहा प्यायले, केळी घेतली. घराकडं येताना हॉर्नबिर्न काही वाजवला नाही. मनच नव्हतं. कडब्याच्या गंजीआड गाडी थांबवली. गोठ्यातून कसलातरी आवाज येत होता. मला वाटलं, कुणाला तरी दमा लागलाय.

डोकावून पाहिलं. मामा म्हशीच्या पुढ्यात उभे. एक हात खुंट्यावर, दुसरा तिच्या पाठीवर. आणि तोंडानं, "खर्र... खर्र... फट्. खर्र... फट् फट् फट् फट्..."

अहो, फटफटी! ह्यांची जुनी फटफटी जशीच्या तशी! आधी दोन-तीन खोट्या किका, मग ठसका, मग रुळावर आलेली फटफट. तोंडात दात नाहीत, त्यामुळं हवा निसटायची, थुंकी उडायची. दम लागला की थांबायचे, म्हशीची पाठ खाजवायचे, पुन्हा पहिल्यापासून किक मारायचे. मी पदर तोंडात कोंबला. हसू आवरेना.

मग ते दमून खुंट्याला टेकले आणि म्हशीला म्हणाले, "दे की गं माये. कावून अडून बसलीस? तू दूध दिलं न्हाईस तर ती पोरगी परत घरात बसंल. इतकी वर्सं या घरात हाय, पर कधी बोलताना ऐकली न्हाई. आता पाटोद्यावरून आली की किती बोलती, किती हासती. मी पडल्या पडल्या ऐकतो. दे. माझी आन हाय तुला."

आणि पुन्हा, "खर्र... खर्र... फट्."

माझं हसू तिथंच विरलं. डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. मला ह्या माणसाचा इतका राग आला होता, आणि ते इथं माझ्यासाठी म्हशीच्या विनवण्या करत होते. लाज वाटली, माया आली, सगळं एकदमच झालं. पुढं व्हावं, पाया पडावं, असं वाटलं. पण ओळखते मी त्यांना. मी पाहिलं हे कळलं असतं तर पुन्हा गोठ्यात पाऊल टाकलं नसतं त्यांनी.

मी गाडी हातानं ढकलत मागं नेली, पार वळणापर्यंत. तिथून बसले आणि हॉर्न दाबला. दाबूनच धरला. सावकाश घरी आले तेव्हा मामा बाजेवर भिंतीकडं तोंड करून झोपलेले. छातीचा भाता मात्र हलत होता.

बादली घेऊन म्हशीखाली बसले. कान मागं, डोळे अर्धे मिटलेले. कासेला हात लावला आणि बादलीच्या बुडात धार वाजली. चर्र, चर्र. आवाजाला पान्हावली, पाठीवरच्या हाताला पान्हावली का म्हाताऱ्याची दया आली, ते म्हशीलाच विचारा. बादली भरून फेस वर आला.

"मामा," मी अंगणातून हाक मारली, "मैस पान्हावली हो!"

"मग?" ते कूस न बदलता म्हणाले. "हॉर्नची सवय झाली आसंल. जनावर हाय ते, शिकतं."

"उद्या बीडला जायचं होतं ना, गाडी माघारी द्यायला?"

"दूध निघतंय तर कशाला खेटे घालता? र्‍हाऊ द्या. पर माझं लिहून ठेवा, बॅटरी फुगणार."

गावाला आम्ही तेच सांगितलं, म्हैस हॉर्नला पान्हावते. टपरीवर मामाही तेच सांगतात, आणि पुढं जोडतात की म्हैस शिकली तरी कंपन्या काही शिकायच्या नाहीत, विजेच्या गाड्या चार दिवसांच्या पाहुण्या आहेत. मी शेजारून हळूच गाडी नेते. सकाळी दूध काढायच्या आधी किटल्या घासायला परसात जाते आणि मुद्दाम भरपूर खडखडाट करते. संध्याकाळी वळणावर हॉर्न वाजवून थांबते. गुडघे धरून उठायचं, काठी शोधायची, गोठ्यापर्यंत जायचं, ह्या वयात याला वेळ लागतो. येणारेजाणारे विचारतात, काय, चार्जिंग संपलं का? मी म्हणते, हो.

परवा तशीच थांबून घरी आले. बादली घेतली, बसले, कासेला हात लावला. कास सैल. म्हैस मान वळवून दाराकडं बघत होती.

बादली तिथंच टाकली आणि बाजेकडं धावले. मामा पडलेले, तोंड उघडं, हात खाली लोंबता. मी नाकापुढं बोट धरलं. श्वास लागतोय का, काही कळेना. मग त्यांनी एक लांब घोरणं काढलं आणि कूस बदलली. नुसती झोप लागली होती हो! मी बाजेच्या पायाशी खाली बसले आणि श्वास जागेवर यायची वाट बघितली.

उठवलं नाही. चादर वर ओढली आणि गोठ्यात गेले. आजूबाजूला कुणी नाही ना बघून घेतलं. म्हशीच्या पाठीवर हात ठेवला आणि त्यांची झोप मोडू नये म्हणून तिच्या कानाशी तोंड नेऊन हळूच म्हणाले, "खर्र... खर्र... फट्. फट् फट् फट्..."

तिनं माझ्याकडं असं काही पाहिलं, की मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी थांबले नाही. दूध दिलं तिनं, रोजच्यापेक्षा थोडं कमी.

दिवेलागणीला मामा दचकून जागे झाले. आधी गोठ्याकडं पाहिलं, मग भरलेल्या बादलीकडं, मग माझ्याकडं.

"हॉर्न वाजवला व्हतास का?" त्यांनी विचारलं.

"वाजवला की, मामा," मी म्हटलं. "लई वेळ वाजवला."